केरसुणीचं बी

"वैनी, आज बाजारात बियाणं इचारायला गेल्ते," मेंदीच्या कुंपणावर कोपर टेकवत काकू म्हणाल्या.

"कशाचं?"

"केरसुणीचं."

काकूंना ओळखणाऱ्या कुणाला यात नवल वाटायचं नाही. दुधी, घेवडा, पावटा, अंबाडी, असलं गावठी बियाणं राखेत घोळून डब्यांत भरून ठेवणारी बाई ही. सातारच्या आमच्या वसाहतीतल्या निम्म्या परसांतला घेवडा काकूंच्या डब्यातूनच गेलेला आहे. दुकानातल्या पोरानं म्हणे त्यांना गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आजी, हायब्रीड देऊ का गावठी?" आणि मग मालकाकडे बघून दोघंही खो खो हसली.

"हसंना का मेली! पर केरसुणी कशाची करत्यात त्ये तरी ठावं हाय का त्यास्नी?"

काकूंचं दुखणं निराळंच होतं. दिवाळीला घेतलेली केरसुणी संक्रांतीच्या आतच टक्कल पडल्यासारखी झाली होती. लक्ष्मीपूजनाच्या आधी दोन दिवस डोक्यावर केरसुण्यांचा भारा घेऊन एक मावशी आमच्या आळीत येतात. सगळ्या बायका त्यांच्याकडूनच घेतात. काकूंनी त्यांना यंदा सरळ विचारलं होतं, मावशे, माल असा पातळ का गं? तर त्या म्हणाल्या, शिंदीच राहिली नाही. ओढ्याचं खोलीकरण झालं, यंत्र फिरलं, काठाची बनंच्या बनं मुळासकट गेली. आता फडे आणायला लांब जावं लागतं, गाडीभाडं पडतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं प्लास्टिकचा झाडू याच्यापेक्षा स्वस्त पडतो.

"म्हंजी बगा," काकू म्हणाल्या, "पानी मुरावं म्हून ओढा उकरला, आन् ज्येच्या मुळ्यांनी काठ धरून ठिवल्याला त्येच उपटून टाकलं."

मी कोकणातली, रत्नागिरीकडची. त्यामुळे केरसुणीपेक्षा माझा जीव खराट्यात जास्त. पण लग्न होऊन इकडे आल्यावर केरसुणी वळताना पाहिली, तेव्हापासून त्या कामाबद्दल मनात आदर बसला. शिंदीचे फडे कापायचे, उन्हात वाळवायचे, मग पाण्यात भिजवून मऊ करायचे. पात्या लोखंडी खिळ्यांच्या फणीवरून विंचरायच्या, म्हणजे एकेका पातीच्या बारीक बारीक काड्या सुटतात. मग मूठ आवळून घट्ट वळायची आणि खालचा घोळ मोकळा सोडायचा. मूठ सैल झाली की केरसुणी आठ दिवसांत काड्या गाळायला लागते. शिकायला सोपं दिसतं. हात मात्र सोलवटून निघतात. पूर्वी बांधायला केकताडाचा वाख असे, आता कुठे नायलॉनची दोरी दिसते तर कुठे तार.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाकडे राहिलं. दोर वळायचे, केरसुण्या करायच्या, आणि त्याबदली सुगीत शेतकऱ्यानं धान्य घालायचं, असा गावगाड्याचा हिशेब. आपण मात्र अजबच. दिवाळीला केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदीकुंकू वाहायचं, एरवी तिला पाय लागला तर नमस्कार करायचा, तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, आणि ती करणाऱ्याला मात्र वेशीबाहेर ठेवायचं. हे मी कुंपणावरून बोलून दाखवलं, तर काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "खरं हाय. माज्या सासूनं तर पैसं बी वरनं टाकलं हुतं तिच्या पदरात." त्या विषयावर आणखी काही बोलणं झालं नाही.

तेवढ्यात ओट्यावरून काकूंच्या यजमानांनी, अण्णांनी, पेपरातून डोकं वर काढलं. "शिंदी लावतीस व्हय? लोक म्हंतील, म्हातारीनं उतारवयात गुत्ता घातला."

"शिंदी काडायला परवाना लागतो, अण्णा," मी म्हटलं. "आपल्या आवारातल्या झाडाचे फडे कापून केरसुणी करायला नाही लागत."

"ऐका. वैनीस्नी कायदा बी ठावा हाय."

आता ही बातमी कुंपणापुरती थोडीच राहणार? चार घरांत पोचली आणि जो तो आपापली अक्कल घेऊन आला. पहिला मान कोपऱ्यावरच्या प्राध्यापकबाईंचा. त्यांच्या घरी फुलझाडू. नवा फुलझाडू आणला की महिनाभर त्यातून तो पिवळट भुसा गळत असतो, फरशी झाडावी आणि झाडूचाच कचरा गोळा करावा, हे आपल्याला माहीत आहे. बाईंच्या डोक्यात आलं, हे फूल आहे, फुलात बी असणार, म्हणजे हा भुसा पेरला की झाडू उगवणार. त्यांनी तो ट्रेमध्ये पेरला, रोज फवारा मारला. ट्रेमध्ये काय उगवलं? तर कुठून आलेली पाथरी आणि दोन माठाची रोपं.

"आन् त्येची भाजी केली का न्हाई?" काकूंनी विचारलं. केली होती म्हणे.

त्यांची कल्पना अगदीच वेडगळ नव्हती, पण फुलझाडू ज्याच्या तुऱ्याचा होतो ते गवत तोडतात केव्हा हे त्यांना ठाऊक नव्हतं. फुलोरा पुरता पिकून भुरभुरायला लागला की झाडूच्या कामाचा उरत नाही, म्हणून तो आधीच, तुरा लवचीक असतानाच काढतात. मग त्या भुशात तुसं भरपूर आणि उगवण्याजोगं बी नावाला. बियाणं धरायचं तर मुद्दाम काही ताटं राखून पिकू द्यावी लागतात. ते बीही धुळीसारखं बारीक. वाळूत किंवा राखेत मिसळून वाफ्यावर नुसतं पसरायचं, वर मातीचा थर जाड केला की संपलं. आणि ताजं असतानाच पेरायचं. कपाटात ठेवून चालत नाही.

ही सगळी माहिती मला मिळाली काकूंच्याच पुतण्याकडून. सातारा जिल्ह्यात प्रत्येक आळीला एक तरी पोरगा फौजेत असतोच, तसा हाही. त्याची नेमणूक काही वर्षं आसाम-मेघालयाकडे होती. सुट्टीवर आला होता, त्याला कुंपणापाशीच गाठलं.

"तिकडं डोंगरच्या डोंगर या गवताचे, मावशी. माणसापेक्षा उंच. थंडीत तुरे येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये बायका कापून पाठीवरच्या टोपलीतून खाली आणतात. आमच्यात नेपाळी जवान होते, ते त्याला अम्रिसो म्हणायचे. त्यांच्याकडंही तेच झाडू."

"मंग त्येची मुळी आनायचीस की एक," काकू.

"बीपेक्षा मुळीच सोपी, काकू. पावसाच्या तोंडाला गड्डा फोडून ठोंब लावायचे, दोन ठोंबांत चांगलं अंतर सोडून. पहिल्या वर्षी काही मिळत नाही म्हणा. दुसऱ्या वर्षापासून तुरे धरतात, चार-पाच वर्षांनी बेट म्हातारं होतं, मग परत फोडून लावायचं. पाला गुरं खातात. मुळ्या माती धरून ठेवतात म्हणून उतारावर लावतात."

काकूंचे डोळे चमकले, पण मी त्यांना जागेवर आणलं. ते गवत पावसाचं आणि उताराचं. पाटण-कोयनेकडे कुणाची डोंगरउताराची जमीन असेल तर करून बघण्यासारखं आहे. काकूंचं शेत माणदेशात, जिथे वळवाचा एक थेंब पडला तर पेढे वाटतात. तिथे ते गवत मे महिन्यात वाळून त्याचाच झाडू होईल. शिंदीची गोष्ट वेगळी. ओढ्याकाठी, बांधावर, खारवट जमिनीत, जिथे दुसरं काही जगत नाही तिथे ती जगते; उन्हाळ्यात वरून माती तापलेली असली तरी खाली ओल शोधून काढते.

यानंतर आली ती अमेरिकेची भानगड, आणि ती माझ्याच घरातून निघाली. माझी भाची इलिनॉयमध्ये अर्बानाला शिकायला आहे. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, अगं मावशी, इथून जवळच आर्कोला नावाचं गाव आहे, तिथे दर सप्टेंबरात झाडूच्या ज्वारीची जत्रा भरते!

"ज्वारीचा झाडू?" काकूंना ते काही केल्या पटेना. माणदेशची माणसं ज्वारीबद्दल थट्टा ऐकून घेत नाहीत.

पण खरं आहे ते. ज्वारीचीच एक जात, कणसात दाणा कमी आणि तुऱ्याच्या काड्या मात्र हात-दीड हात लांब, सरळ, चिवट. १७९७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावच्या लेव्ही डिकिन्सन नावाच्या शेतकऱ्यानं तिचे झाडू बांधून विकायला सुरुवात केली, आणि तिथे तो मोठा धंदाच झाला. शेकर पंथाच्या लोकांनी तो झाडू दाबून चपटा शिवायची युक्ती काढली. सिनेमातल्या अमेरिकन घरात दिसतो तो चपटा झाडू त्यांचा. पुढे हे पीक पश्चिमेकडे सरकत इलिनॉयमध्ये, ओक्लाहोमात गेलं. कापणी सगळी हातानं, मजुरी परवडेना, तेव्हा तिकडूनही उठलं आणि मेक्सिकोत गेलं. आर्कोलात आता जत्रा आहे, पीक फारसं नाही.

ते काढायची तऱ्हा काकूंना सांगितल्यावर मात्र त्यांची नजर बदलली. ताटं दहा-बारा फूट उंच होतात, हात पोचत नाही. म्हणून शेजारशेजारच्या दोन ओळींची ताटं कमरेइतक्या उंचीवर मोडून एकमेकींवर आडवी घालतात, त्याची मेजासारखी बैठक होते, आणि मग तुरे कापून तिच्यावरच ठेवत पुढे जातात. तुरा हिरवट असतानाच काढायचा. दाणा पिकून लाल झाला की काडी ठिसूळ होते. पेरणीसाठी म्हणून दोन-चार कणसं तेवढी राखून पिकू द्यायची.

"ह्ये आपल्या ज्वारीवानीच की! मंग भाचीला म्हनावं, पाकिटात मूठभर घालून दे धाडून."

इथे मला कडक व्हावं लागलं. परदेशातून बी असं पाकिटात येत नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना लागतो आणि त्या देशाचं रोगकीड नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर पकडलं तर भाचीची पंचाईत, नाही पकडलं तर आपल्या शिवाराची. बियाबरोबर एखादा रोग आला तर तो काकूंच्या बांधावर थांबणार आहे का?

काकूंना कायदा एवढा टोचला नाही, पण पुढचा मुद्दा लगेच टोचला. ज्वारी बहुतेक स्वतःच्याच परागानं फळते, तरी थोडाफार पराग वाऱ्यानं शेजारच्या कणसावर जातोच. झाडूची ज्वारी मालदांडीशेजारी एकाच वेळी फुलली तर पुढल्या वर्षी राखलेल्या बियाण्यात भेसळ.

"म्हंजी माज्या मालदांडीत तुरं? नको गं बाई!" काकूंनी कानाला हात लावला. "भाकरी नीट मिळू द्या, झाडू मागनं बगू." अमेरिकेचा विषय संपला.

माझ्या माहेरचं म्हणाल तर बियाणं शोधायचा प्रश्नच नाही. नारळ हेच बी आणि ते स्वयंपाकघरातच असतं. माडाची वर्षाकाठी बारा-तेरा चुडतं गळतात. एका चुडताला दोनशेच्या वर पात्या, प्रत्येक पातीत एक हीर. हिशेब केला तर एक माड वर्षाला अडीच हजारांच्या आसपास हीर नुसते पायाशी टाकतो. पावसाळ्यात माजघरात बसून सुरीनं हीर काढायचे, गप्पा मारायच्या आणि खराटे बांधायचे, ही आमच्याकडची रीत. तिथे खराट्याला पैसे मोजावे लागतात हे मला सातारला आल्यावर कळलं. पण खराटा अंगणाचा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर केरसुणीच हवी, इतकं मी काकूंच्या संगतीनं मान्य केलेलं आहे.

(राजस्थानात जोधपूरजवळ मोकलावासला कोमल कोठारींनी उभं केलेलं अरणा झरणा नावाचं संग्रहालय आहे. तिथे मुख्य मान झाडूंना दिलेला आहे. वाळवंटातल्या कुठल्या गवताचा, कुठल्या झुडपाचा, कुठल्या काडीचा झाडू कुठे वापरतात, हे सगळं मांडून ठेवलंय. आपल्याकडे असं काही करायचं कुणाला सुचलेलं मी पाहिलं नाही. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "झाडू बगायला तिकीट?")

तर शिंदी. बी काही मिळेना. पुतण्या म्हणाला ओढ्याला एखादं झाड असेल, पण काकूंचे गुडघे ओढ्यापर्यंत जाऊ देत नाहीत. आणि मग एका संध्याकाळी काकू कुंपणापाशी आल्या त्या हसतच.

"वैनी, त्या नव्या बंगल्याम्होरं ती चार झाडं बगितली का? खांबावानी, वर झुपका?"

पाहिली होती. सगळ्या वसाहतीनं पाहिली होती. क्रेननं उतरवली तेव्हा रस्ता बंद होता. बंगलेवाल्या बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, सिल्व्हर डेट पाम आहे, नर्सरीतून मागवले, आणि किमतीचा आकडा हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला होता.

"आवं, शिंदी हाय ती!"

खरंच शिंदी होती. राखाडी-हिरवा झुपका, खोडावर तुटक्या देठांचे खवले, देठाच्या बुडाशी सुईसारखे काटे, आणि चारांपैकी दोन झाडांना नारिंगी-पिवळ्या बारीक फळांचे घोस. हीच ती ओढ्याकाठची, जिला गावात कुणी फुकट विचारत नव्हतं. आता रिसॉर्टच्या कमानीपुढे, पेट्रोलपंपापुढे, बंगल्यापुढे दिमाखात उभी. परदेशातही शोभेसाठी लावतात म्हणे. काकूंना सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची: माळी दर दोन-तीन महिन्यांनी खालचे जून फडे कापतो आणि मागच्या मोकळ्या जागेत जाळतो.

त्यानंतरचा पराक्रम काकूंचाच. त्यांनी माळ्याला पकडलं, मग माळ्यामार्फत बाईंना. बाई आधी जरा गडबडल्या. एवढ्या महागाच्या झाडाला लोक शिंदी म्हणतात हे पचायला त्यांना वेळ लागला असावा. पण बाई मनानं चांगल्या. पडलेली फळं गोळा करायला हो म्हणाल्या, आणि कापलेले फडे मावशींना द्यायलाही. मावशींनी येऊन फडे पाहिले, हातानं चिरून पाहिले आणि म्हणाल्या, चालतील, पण फार जून होऊ देऊ नका, आणि वरचा कोंब तोडू नका, झाड मरतं.

उगवणीचं काम आता काकूंच्या परसात चालू आहे आणि जो येईल त्याला त्या ते समजावून सांगतात. फळाचा गर काढून बी स्वच्छ धुवायचं. खजुराच्या बियेसारखंच, पोटाला उभी चीर. एक-दोन दिवस पाण्यात भिजवायचं आणि ओल्या मातीत दोन बोटं खोल पुरायचं. मग विसरून जायचं. दीड-दोन महिने वर काही दिसत नाही, कारण शिंदीचा कोंब आधी खाली जातो, मुळी धरतो आणि मग वर येतो. पुष्कळ लोक इथेच हात टेकतात आणि माती उपसून टाकतात. म्हणून पिशवी खोल हवी. बुटक्या कुंडीत मुळी वळते. पहिलं पान गवतासारखं एकच, साधं; लोक तण समजून उपटतात. खरे चिरलेले फडे यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि कापण्याजोगं झाड व्हायला आणखी काही.

"तवर मी असन का नसन," काकू म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "पर बी तर पडू द्या जमिनीत."

एक अडचण त्यांना पहिल्यांदा माहीत नव्हती. शिंदीत नर आणि मादी झाड वेगळं. खजुराला बुडाशी फुटवे येतात, ते काढून मादीचं रोप हमखास मिळतं; शिंदीला तशी सोय नाही, ती बियांतूनच वाढते, आणि कोणतं रोप काय निघेल ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही. अण्णांनी यावर एक शेरा मारला, तो छापण्याजोगा नाही. पण केरसुणीला दोन्ही सारखीच. फडा नराचाही चालतो, मादीचाही. बी हवं असेल तरच दोन्ही प्रकारची झाडं जवळपास लागतात, म्हणून एकटं-दुकटं न लावता आठ-दहा लावावीत. आणि काटे विसरू नयेत. वाटेच्या कडेला, पोरांच्या खेळायच्या जागेत शिंदी लावू नये. ओढ्याचा काठ, शेताचा बांध, विहिरीची पाळ, हीच तिची जागा.

शिंदीचं बी उन्हाळा सरताना, मृगाच्या आगेमागे पडतं. ज्यांच्या बंगल्यापुढे, सोसायटीच्या कमानीत किंवा कंपनीच्या आवारात असली शोभेची शिंदी उभी असेल त्यांना एवढंच सांगणं: कापलेले फडे जाळू नका. दिवाळीला तुमच्या दारी केरसुण्या घेऊन जी बाई येते तिचा पत्ता विचारून ठेवा आणि फडे तिच्या घरी पोचते करा, भाडं तुम्ही द्या. फळं पडली तर झाडून टाकू नका. आमच्या काकूंकडे एक डबा रिकामाच आहे.